वेलनेस कार्यक्रमाची जबाबदारी तुमच्यावर आलीय? सतरंज्या मागवण्याआधी रोस्टर मागवा

सार्वजनिक आरोग्य सेवेत हे नेहमीचं आहे. एक आदेश निघतो, त्यात ‘कर्मचाऱ्यांसाठी वेलनेस कार्यक्रम राबवावा’ असं एक वाक्य असतं आणि खाली नोडल अधिकारी म्हणून तुमचं नाव. तुमचं मूळ काम तसंच चालू राहतं. वेगळा माणूस मिळत नाही, वेगळी खोली मिळत नाही आणि वरून पहिला प्रश्न येतो, ‘उद्घाटन कधी?’ माझं या खुर्चीत बसून झालेलं आहे. तुम्ही डॉक्टर असा, परिसेविका असा, प्रयोगशाळेत असा की आस्थापना शाखेत, पहिल्या काही महिन्यांत होणारा गोंधळ साधारण सारखाच असतो. तो कमी व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम थोडा उलटा वाटेल, म्हणून त्यामागचं कारण आधीच सांगते. आरोग्य कर्मचाऱ्याला आजारी पाडणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्याच्या कामातच असतात: सुई, रात्रपाळी, उचलाउचल, नातेवाइकांचा राग, अपुरी माणसं. हे सगळं तसंच ठेवून त्याला श्वास कसा घ्यायचा ते शिकवायला गेलात, तर तो तोंडावर काही बोलणार नाही, पण दुसऱ्या सत्राला येणारही नाही. ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये मांडणी केली. ताण हाताळण्याचे वर्ग, माइंडफुलनेस, वेलबीइंग अ‍ॅप अशा उपक्रमांत भाग घेतलेले लोक भाग न घेतलेल्यांपेक्षा काही बरे आढळले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेत बदल करण्याची शिफारस आहे. तेव्हा आधी काम दुरुस्त करू, माणसाला सल्ले नंतर देऊ.

१. आदेश नीट वाचा आणि अधिकार लेखी घ्या

आदेशात तीन गोष्टी शोधा. रोस्टर (ड्यूट्यांचं वेळापत्रक) बनवणारे, खरेदी करणारे आणि इमारतीची देखभाल बघणारे यांना थेट पत्र लिहायचा अधिकार तुम्हाला आहे का? खर्च कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या सदरात टाकायचा? अहवाल कोणाला द्यायचा? बहुतेक आदेशांत यातलं काहीच नसतं. मग एक पानी टिपणी करा, त्यात या तीन ओळी लिहा आणि संस्थाप्रमुखांची सही घ्या. ‘करा की, मी आहे ना’ या तोंडी आश्वासनावर चालू नका. साहेबांची बदली झाली की आश्वासनही त्यांच्याबरोबर जातं.

त्याच टिपणीत कार्यक्रम कोणाकोणासाठी आहे हेही लिहून टाका. इथला सापळा जुना आहे. ‘कर्मचारी’ म्हटलं की डोळ्यासमोर डॉक्टर आणि परिचारिका येतात. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेचे चालक, घरोघर फिरणारे क्षेत्रीय कर्मचारी, प्रशिक्षणार्थी आणि कपडे धुणारे लोक यादीत नसतात. कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेली सुई मात्र सफाई कामगाराच्याच हाताला लागते. ‘कंत्राटदार बघेल’ हे उत्तर स्वीकारू नका. किमान लस, सुई लागल्यानंतरचे उपचार आणि हिंसेची तक्रार या तीन गोष्टी आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहेत, असं स्पष्ट लिहून घ्या.

आणखी एक: ज्यांच्याकडे शिस्तभंगाची प्रकरणं किंवा गोपनीय अहवाल असतात, त्यांच्या हातात हा कार्यक्रम नसावा. तुमच्याकडेच दोन्ही असतील तर एक सोडा. लोक तुमच्याकडे मोकळेपणाने येतील की नाही हे इथेच ठरतं.

२. समिती लहान ठेवा, पण त्यात सगळ्या थरांतली माणसं घ्या

सहा-सात माणसं पुरेत. वॉर्डातली एक परिचारिका, एक सफाई कर्मचारी, क्षेत्रीय कामातलं एक जण, प्रयोगशाळेतलं एक, संसर्ग नियंत्रण बघणारी व्यक्ती, कर्मचारी संघटनेचा एक प्रतिनिधी आणि भांडार किंवा देखभालीकडचं कोणी तरी. या शेवटच्या माणसाला लोक हमखास विसरतात, आणि मग ‘नळ दुरुस्त करावा’ हा ठराव इतिवृत्तातच पडून राहतो. बैठक ड्यूटीच्या वेळेत घ्या आणि ती ड्यूटीच धरा. नाइट करून आलेल्या सिस्टरला सकाळी अकराच्या बैठकीला थांबवणारी वेलनेस समिती मी पाहिलेली आहे.

३. हे कागद गोळा करा

नवा फॉर्म छापण्याआधी जे आधीच लिहिलेलं आहे ते वाचा. मागायची यादी अशी:

- गेल्या तीन महिन्यांचं रोस्टर, ठरवलेलं आणि प्रत्यक्ष चाललेलं, दोन्ही
- मंजूर पदं, भरलेली पदं आणि त्यातले प्रत्यक्ष कामावर असलेले
- वर्षभराच्या वैद्यकीय रजा, विभागवार, नावं काढून
- सुई लागल्याची आणि अंगावर रक्त किंवा स्राव उडाल्याची नोंदवही
- कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाच्या नोंदी
- शिवीगाळ, मारहाण, धमकी यांच्या तक्रारी आणि त्यावर काय झालं
- मास्क, हातमोजे, सुयांचे डबे यांचा साठा आणि ते संपल्याच्या तारखा
- राजीनामे आणि बदलीचे अर्ज, शक्य असल्यास कारणांसह

एखादी नोंदवही कोरी निघाली म्हणून खूश होऊ नका. मोठ्या रुग्णालयात वर्षभरात सुई लागल्याची एकही नोंद नसेल, तर बहुधा नोंद करणाऱ्याला काहीतरी त्रास होतो आहे. तो काय, हे शोधणं तुमचं पहिलं काम. बऱ्याचदा फॉर्म चार पानी असतो, तो दिवसाच मिळतो आणि त्यावर ‘चूक कोणाची’ असा रकाना असतो.

४. स्वतः फिरून बघा, एकदा तरी रात्री

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१४ मध्ये ‘हेल्थवाइज’ नावाची पुस्तिका काढली. फिरताना वापरायच्या तपासणी याद्या त्यात तयार आहेत आणि त्या फुकट मिळतात. साधने कमी असलेल्या ठिकाणांचाही विचार करून बनवलेल्या असल्यामुळे त्या हवेतल्या नाहीत. स्वतःची यादी बनवण्यात महिना घालवण्यापेक्षा ती घ्या आणि आपल्याला लागू नसलेल्या ओळी खोडा.

फिरताना मी काय बघते ते सांगते. रात्री दोन वाजता पिण्याचं पाणी कुठे मिळतं? महिला कर्मचाऱ्यांच्या शौचालयाला आतून कडी आहे का, आणि तिथवर जाणारा रस्ता उजेडात आहे का? सुयांचा डबा हात लांबवला की मिळतो, की चार पावलं चालावी लागतात? डबा तीन-चतुर्थांश भरल्यावर बंद करतात, की दाबून आणखी कोंबतात? बसायला खुर्ची आहे का? ड्यूटीच्या खोलीत कपाटं आणि जुनी यंत्रं ठेवलीत, की माणूस पाठ टेकू शकतो? गाऊन, मास्क काढायची जागा कुठे आहे? एका फेरीत सगळं दिसत नाही, पण तुम्ही फिरता हे लोकांना दिसतं, आणि मग ते तुम्हाला कोपऱ्यात नेऊन खरं सांगू लागतात.

यातल्या दोन-तीन स्वस्त गोष्टी लगेच करून टाका. कडी, दिवा, पाण्याचं यंत्र. पुढे प्रश्नावली घेऊन जाल तेव्हा लोक ती भरतील की कचऱ्यात टाकतील, हे याच कामांवर ठरेल.

५. विचारा, पण नाव न विचारता

प्रश्नावली लहान हवी. मनःस्वास्थ्याचा अंदाज घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची निर्देशिका सोयीची आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दलची पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा येतो. ५० किंवा त्याखालचा आकडा म्हणजे लक्ष द्यायला हवं. हे निदान नाही, हे प्रश्नावलीवरच मोठ्या अक्षरात छापा. सोबत कामाबद्दल पाच-सहा साधे प्रश्न घाला: गेल्या महिन्यात जेवणाची सुट्टी किती वेळा बुडाली, दोन ड्यूट्यांमध्ये झोप किती मिळाली, कोणी अंगावर धावून आलं का, अडचण सांगायला वरिष्ठ उपलब्ध असतात का. शेवटी एक मोकळी ओळ ठेवा: ‘उद्या एकच गोष्ट बदलता आली तर कोणती?’ माझ्या मते सगळ्यात उपयोगी उत्तरं याच ओळीत येतात.

गुप्ततेचा सापळा नाव न लिहिल्याने सुटत नाही. ‘विभाग, पद, वय, लिंग’ एवढं विचारलंत की रक्तपेढीतली एकमेव महिला तंत्रज्ञ कोण हे सगळ्यांना कळतं. रकाने कमी ठेवा. गटात दहापेक्षा कमी लोक असतील तर त्यांचा निकाल वेगळा दाखवू नका, शेजारच्या विभागात मिसळा. कार्यालयाच्या ईमेलवरून लॉगिन करायला लावणारा ऑनलाइन फॉर्म वापरू नका. आणि निकाल आले की आधी ज्यांनी उत्तरं दिली त्यांना सांगा, साहेबांना नंतर. हा क्रम उलटा झाला की पुढच्या वर्षी सगळे ‘सर्व उत्तम’ लिहितात.

६. सुई आणि लस: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

वेलनेस म्हटलं की हे कोणाच्या डोक्यात येत नाही, ‘ते संसर्ग नियंत्रणाचं’ म्हणून बाजूला पडतं. पण वर्षभरात एकच गोष्ट करायची झाली तर मी ही निवडेन, कारण इथे काय केल्याने काय होतं हे पक्कं माहीत आहे.

हिपॅटायटिस बी पासून सुरुवात करा. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई लागली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. एचआयव्हीसाठी तीच शक्यता साधारण ०.३ टक्का आहे. लोक घाबरतात एचआयव्हीला, आणि लस शिल्लक राहते हिपॅटायटिसची. नेहमीचं वेळापत्रक तीन डोसांचं आहे: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. गळती तिसऱ्या डोसाला होते, कारण तोवर माणूस दुसऱ्या विभागात गेलेला असतो. म्हणून नोंद विभागाच्या वहीत न ठेवता माणसागणिक ठेवा आणि तिसऱ्या डोसाची तारीख पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांची तपासणी करा. प्रति मिलिलीटर १० मिली आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक आलं तर संरक्षण तयार झालं. ही तपासणी हमखास राहून जाते, आणि मग सुई लागल्यावर रात्री अकरा वाजता ‘याला लस लागू पडली होती का?’ यावर चर्चा चालते.

आता सुई लागल्यावर काय करायचं. एकाच पानाची सूचना करा आणि ती प्रत्येक वॉर्डात, प्रयोगशाळेत, रुग्णवाहिकेत आणि कचरा साठवण्याच्या जागी लावा:

- जखम साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका.
- डोळ्यात उडालं असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.
- ताबडतोब कळवा. कोणाला, कुठे, रात्री कोणत्या क्रमांकावर, हे सूचनेतच लिहा.
- एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर जितक्या लवकर तितकं चांगलं, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत. ती २८ दिवस घ्यायची असतात.
- रुग्णाची आणि कर्मचाऱ्याची तपासणी संमतीने आणि गुप्तता राखून.
- हिपॅटायटिस सी ला लस नाही, त्यामुळे पुढच्या तपासण्यांच्या तारखा चुकवू नका.

या औषधांचा पहिला डोस रात्रीसुद्धा मिळेल अशा जागी ठेवा. कुलूपबंद फार्मसीत पडलेला डोस काय कामाचा? किल्ली कोणाकडे आहे हे स्वतः रात्री फोन करून तपासा. आणि कळवणाऱ्याला ‘टोपण का लावत होतास?’ हा पहिला प्रश्न विचारला जाणार नाही, याची तजवीज करा. सुईला पुन्हा टोपण लावू नये हे खरंच, पण डबा दूर असला की माणूस टोपण लावतोच. तेव्हा डबा जवळ आणा, आणि सुरक्षा-यंत्रणा असलेल्या सुया खरेदीच्या यादीत टाका.

हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी खिडक्या उघडतात का हे बघणं मास्क वाटण्याआधी येतं. एन-९५ मास्क द्यायचाच तर फिट टेस्टसहित द्या. तो चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर कडेने हवा आत येते, आणि दाढी असेल तर तो बसतच नाही. क्षयाचे रुग्ण येत असतील तर कर्मचाऱ्यांची नियमित क्षय तपासणी कार्यक्रमात घाला, आणि एखाद्याला क्षय निघाला तर त्याची रजा आणि जागा सुरक्षित राहील हे आधीच लेखी घ्या. नाहीतर लोक खोकला लपवतात.

७. रोस्टरला हात घाला

इथे विरोध होणार. रोस्टर म्हणजे सत्ता असते, ती कोणी सहज सोडत नाही. म्हणून मत घेऊन जाऊ नका, पुरावा घेऊन जा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, २४ तासांहून लांब ड्यूट्या असलेल्या जुन्या वेळापत्रकात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांकडून जवळपास ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. रात्री काम करण्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. रात्रपाळी बंद करता येणार नाही, हे उघड आहे. पण ती लावायची कशी, हे हातात असतं.

मागण्या अशा ठेवा. पाळी पुढे सरकणारी असावी: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट क्रमाने झोपेचं गणित जास्त बिघडतं. दोन ड्यूट्यांमध्ये किमान ११ तास मिळावेत. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात दररोजच्या विश्रांतीसाठी हाच आकडा आहे, त्यामुळे तुम्ही काही अचाट मागत नाही आहात. संध्याकाळची ड्यूटी उशिरा संपवून लगेच सकाळची लावणं हे या नियमाचं सगळ्यात सामान्य उल्लंघन. ते जुन्या रोस्टरवर लाल पेनाने दाखवा. सलग नाइट कमी करा. रात्रपाळीत वीस ते तीस मिनिटांची ठरवून दिलेली डुलकी मान्य करून घ्या. त्याहून लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं, म्हणून वेळ ठरलेली हवी आणि तोवर काम कोण बघणार हेही. रोस्टर किमान दोन-तीन आठवडे आधी लागावं, अदलाबदल लेखी पण सोपी असावी.

माणसंच कमी असतील तर? तेव्हा प्रामाणिकपणे तसं लिहा. रिक्त पदं, जादा ड्यूट्या आणि वैद्यकीय रजा असा तीन ओळींचा तक्ता दर महिन्याला वर पाठवा. पदं भरणं तुमच्या हातात नाही, पण कमी माणसांत कोणतं काम थांबवायचं हे ठरवून घेता येतं. एकच माहिती तीन वह्यांत लिहिण्यात परिचारिकेचा किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून मोजा. एक वही बंद करून मिळालेला वेळ कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचतो.

८. पाठ आणि कंबर

थोडक्यात. रुग्ण हाताने उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा साधारण १६ किलो आहे, म्हणजे प्रौढ रुग्णाला एकट्याने उचलणं कधीच त्या मर्यादेत बसत नाही. ‘योग्य पद्धतीने वाका’ असे वर्ग घेऊन ते बसणार नाही. सरकवायच्या चादरी, उंची बदलणाऱ्या खाटा, चाकं न अडणाऱ्या स्ट्रेचर आणि मदतीला दुसरा माणूस लागतो. चाकांना तेल घालणं हासुद्धा वेलनेस कार्यक्रमच आहे, बिल तुमच्या शीर्षाखाली टाका.

९. मारहाण आणि शिवीगाळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिवीगाळ आणि धमक्या यात धरलेल्याच नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ एकत्र धरले आहेत आणि बाहेरच्या लोकांकडून होणारा त्रासही त्यात येतो. पत्रव्यवहारात त्याचा दाखला द्या.

प्रत्यक्षात काय लागतं? वाट बघणाऱ्या नातेवाइकांना दर थोड्या वेळाने कोणीतरी काय चाललं आहे ते सांगणं. राग बऱ्याचदा न कळण्यातून चढतो. तपासणीच्या खोलीला बाहेर पडायचा दुसरा रस्ता, किंवा निदान कर्मचाऱ्याची खुर्ची दाराच्या बाजूला. धोक्याची घंटा, आणि ती वाजल्यावर कोण येतं याची महिन्यातून एकदा चाचणी. घरभेटीला जाणाऱ्यांसाठी, कोण कुठे गेलं आणि किती वाजता परतणार याची नोंद, आणि परत आलं नाही तर फोन करणारी ठरलेली व्यक्ती. धोका वाटला तर भेट अर्धवट सोडून यायची मुभा, लेखी. आतल्या छळाबद्दल, म्हणजे वरिष्ठांच्या अपमानाबद्दल किंवा लैंगिक छळाबद्दल, तक्रार तुमच्या समितीत घेऊ नका. त्यासाठीच्या कायदेशीर यंत्रणेकडे वाट दाखवा आणि सोबत जा.

१०. मनाचा भाग

बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आजार म्हटलेलं नाही. ती कामाशी निगडित घटना मानली आहे: नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या दीर्घ ताणातून आलेला थकवा, कामापासून तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी त्याची मुळं कामाच्या सहा अंगांत शोधली: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला व दखल, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. समितीच्या बैठकीत ही सहा नावं फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर प्रश्नावलीतली उत्तरं टाका. कुठे हात घालायचा ते दिसू लागतं. गंमत अशी की ‘बोजा’ खाली गर्दी होईल असं वाटतं, पण ‘न्याय’ खालीही भरपूर निघतं: सणासुदीची ड्यूटी नेहमी त्याच लोकांना का, रजा कोणाची मंजूर होते.

समुपदेशनाची सोय करताना पुढचं पाळा. समुपदेशक संस्थेच्या वरिष्ठांना अहवाल देणारा नसावा. खोली मुख्य व्हरांड्यात नको, तिथे शिरणारा सगळ्यांना दिसतो. वेळ ड्यूटीत मिळावी आणि रजेच्या अर्जावर ‘समुपदेशनासाठी’ असं लिहायची गरज पडू नये. कोणती माहिती गुप्त राहते आणि जिवाला धोका असेल तेव्हा कोणती राहत नाही, हे पहिल्या भेटीतच सांगितलं जावं. नोकरीच्या किंवा नूतनीकरणाच्या फॉर्मवर ‘पूर्वी कधी मानसिक उपचार घेतले का?’ असा प्रश्न असेल तर तो काढून टाकायचा प्रस्ताव पाठवा. मदत मागायला डॉक्टर घाबरतात त्याचं एक कारण तोच प्रश्न असतो.

एखादी भयंकर घटना घडली, उदाहरणार्थ प्रसूतीत मृत्यू, वॉर्डातली आग किंवा सहकाऱ्याचा मृत्यू, की सगळ्यांना गोल बसवून काय झालं ते तपशिलात बोलायला लावायचा मोह होतो. हे सक्तीचं एकच सत्र उपयोगी ठरत नाही, काहींना त्याने त्रासच होतो. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतली रीत वापरा: बघा, ऐका, जोडून द्या. आज रात्री घरी कोण आहे, उद्याची ड्यूटी बदलायची का, कोणाशी बोलायचं आहे. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावू नका. आणि सहकारी आत्महत्येचं बोलत असेल तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, तातडीच्या मानसोपचार सेवेकडे घेऊन जा.

विभागप्रमुखांचं प्रशिक्षण मात्र घ्याच. एखादा माणूस बदलला आहे हे ओळखायचं कसं आणि त्याला बाजूला घेऊन बोलायचं कसं, एवढंच शिकवायचं. त्यांना हौशी समुपदेशक बनवू नका.

११. तपासणी शिबिर, व्यायाम, चालण्याची स्पर्धा

आता ज्यासाठी आदेश निघाला होता ते. करा, पण अपेक्षा माफक ठेवा. अमेरिकेत याच्या दोन मोठ्या यादृच्छिक चाचण्या झाल्या, म्हणजे कार्यक्रम कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिलीत एका विक्री कंपनीच्या १६० ठिकाणांवरचे सुमारे ३३,००० कर्मचारी होते. दीड वर्षानंतर कार्यक्रम मिळालेले लोक आपण जास्त व्यायाम करतो असं सांगत होते, पण रक्तदाब, साखर, उपचारांचा खर्च आणि गैरहजेरी यांत फरक पडला नव्हता. दुसरी इलिनॉय विद्यापीठात झाली. तिच्यात तर असं दिसलं की भाग घेणारे मुळातच निरोगी आणि कमी खर्चाचे होते. म्हणजे ‘आमच्या स्पर्धेत उतरलेले कमी आजारी पडतात’ असा तक्ता बनवलात तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

रक्तदाब, साखर तपासायची तर निकाल फक्त त्या व्यक्तीच्या हातात द्या आणि पुढचा उपचार कुठे मिळेल हे त्याच कागदावर लिहा. वजनावर बक्षीस ठेवू नका. चालण्याच्या स्पर्धेत रोज वस्त्यांमध्ये फिरणारा क्षेत्रीय कर्मचारी आणि संगणकावर बसणारा लिपिक यांना एकाच तक्त्यात घालू नका. पहिल्याला बसायला वेळ हवा आहे. सत्रं तिन्ही पाळ्यांना मिळतील अशी लावा आणि हजेरी सक्तीची करू नका. छायाचित्रासाठी लोक गोळा करायची वेळ आली तर सत्र रद्द करा.

१२. काय मोजायचं आणि फाइलमध्ये काय ठेवायचं

हजेरीचे आकडे मोजायला सोपे, म्हणून तेच अहवालात जातात. त्यापेक्षा हे ठेवा: हिपॅटायटिस बी लसीचा तिसरा डोस पूर्ण झालेल्यांचं प्रमाण, सुई लागल्यापासून प्रतिबंधक औषधांच्या पहिल्या डोसापर्यंतचा वेळ, ११ तासांपेक्षा कमी अंतराच्या ड्यूट्या, बुडालेल्या सुट्ट्या, हिंसेच्या तक्रारी आणि त्यांतल्या निकालात निघालेल्या, आणि वर्षातून एकदा त्या पाच विधानांचा सरासरी आकडा. पहिल्या वर्षी सुई लागल्याच्या आणि हिंसेच्या नोंदी वाढतील. लोक कळवू लागले, एवढाच त्याचा अर्थ. हे संस्थाप्रमुखांना आधीच लेखी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्याच कार्यक्रमामुळे घटना वाढल्या असं बैठकीत ऐकायला मिळेल.

शेवटी बदलीची तयारी. तुमचीही होणारच. फाइलमध्ये अधिकाराची टिपणी, समितीची यादी, रिकामी प्रश्नावली आणि एकत्रित निकाल, सुईची एक पानी सूचना, रोस्टरचे मान्य झालेले नियम, आणि कोणत्या पत्राला उत्तर आलेलं नाही त्याची यादी ठेवा. व्यक्तींच्या लसीकरणाच्या आणि तपासणीच्या नोंदी या फाइलमध्ये ठेवू नका. त्या वैद्यकीय नोंदी सांभाळणाऱ्याकडे, कुलपात. नव्या माणसाला फाइल देताना रात्रीची एक फेरी सोबत मारा आणि फार्मसीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याचा क्रमांक नव्या माणसाच्या फोनमध्ये तुमच्यासमोर टाकून घ्या.